‘गच्ची’मधली टाळी

वल्लरी इंगोलेची मतं ऐकायची असतील तर आधी खाली बसून घ्यावं, कारण ती लवकर संपत नाहीत. मुलगी अकरावीतली, राहणार कोथरूड, आणि विषय एकच: ‘एक ते चार’. पुण्यातल्या दुकानदारांच्या झोपेची वेळ नव्हे, त्या वेळेवरून नाव घेतलेला बँड. हे लोक कार्यक्रमही त्याच बेताने करायचे. रविवारी सकाळी अकराला पडदा वर, एकच्या आत पडदा खाली, मग घरी जाऊन वरणभात आणि झोप. रॉक बँडने असं वागावं का म्हणून बाहेरगावचे लोक हसत. पुण्यात कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वल्लरीच्या मते बँडचा पहिला अल्बम ‘पाटी’ न्हाणीघरात बसून रेकॉर्ड केल्यासारखा वाजतो, आणि तो तसाच वाजायला हवा. तिसरा ‘चारनंतर’ हा शुद्ध विश्वासघात, कारण त्यात व्हायोलिनं आहेत. ज्यांना व्हायोलिनं ऐकायची असतील त्यांनी लग्नाच्या रिसेप्शनला जावं. मधला ‘भर दुपारी’ मात्र थोर. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात, समोर माणसं बसलेली असताना रेकॉर्ड केलेला. त्याच्या तोडीचं मराठीत काही झालं नाही आणि होणार नाही. तो निघाला तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो, ही आठवण कोणी करून दिलेली तिला खपत नसे.

कार्यक्रमाला येणाऱ्या लोकांविषयी तर बोलूच नका. पहिल्याच गाण्याला वन्स मोअर मागणाऱ्याला अक्कल नसते. फोन वर धरून अख्खं गाणं शूट करणाऱ्याच्या मागे बसण्यापेक्षा खांबामागे बसलेलं परवडतं, खांब निदान हलत नाही. गायकाने दोन गाण्यांच्या मध्ये फार बोलू नये, बोलायची हौस असेल तर व्याख्यानमाला आहेत. आणि शेवटचं गाणं चालू असताना पार्किंगमधून गाडी काढायला जे उठतात, त्यांच्या गाडीची हवा आधीच काढून ठेवलेली असावी.

ही सगळी नाकाने सोललेली कांदेभाजी ती ‘कानउघाडणी’ नावाच्या इन्स्टाग्राम पेजवर वाढायची. व्हिडिओ कापून-जोडून द्यायचं काम मैत्रीण अक्षताचं. अक्षता पेठेत वाढलेली, त्यामुळे कौतुक करतानाही चिमटा काढूनच करायची. “बोलतेस छान,” ती म्हणायची, “पण मधे श्वास घेत जा. एडिट करताना मला दम लागतो.”

आता ‘भर दुपारी’तलं शेवटचं गाणं, ‘गच्ची’. त्यात गायक रणजित एका जागी म्हणतो, “गच्चीवर आता कोणी नाही...” आणि गप्प होतो. गिटार थांबते, ड्रम थांबतात, आठ मात्रा काहीही नाही. मग पुढची ओळ येते, “फक्त दोरीवर तुझा शर्ट आहे.” ती रिकामी जागा म्हणजेच ती रिकामी गच्ची, असं चाहत्यांचं एकमत होतं. बँड पुढे प्रत्येक कार्यक्रमात ती जागा तशीच सोडत आला होता. मात्र अल्बमवर, त्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये, त्या शांततेच्या मधोमध टाळी पडते. एका माणसाची. पहिली पडते, मग दुसरी, मग चांगली ठेक्यात चालूच राहते, रणजित पुढची ओळ उचलेपर्यंत.

या टाळीवर वल्लरीचा जेवढा राग होता तेवढा व्हायोलिनांवरही नव्हता. थोर अल्बमच्या थोर गाण्यातली थोर जागा, आणि कोणी एक अडाणी माणूस तिथे आरतीला उभा असल्यासारखा टाळ्या पिटतोय.

म्हणून जेव्हा बातमी आली की ‘भर दुपारी’ पुन्हा एकदा, नव्याने, प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड होणार आहे आणि तेही पुण्यातच, तेव्हा तिने पदर खोचला. तिने एक व्हिडिओ केला. त्यात मूळची टाळी तीनदा ऐकवली, त्या अज्ञात माणसाला ‘टाळीवाला काका’ असं नाव दिलं, त्याची यथेच्छ सालं काढली आणि शेवटी एक पाटी धरली: “येथे टाळी वाजवू नये. वाजवल्यास अपमान करण्यात येईल. हुकमावरून, कानउघाडणी.”

व्हिडिओ असा काही पळाला की अक्षताही दोन वाक्यं कौतुकाची बोलून बसली. खाली लोकांनी टाळीवाल्या काकांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आणि मग बँडची ड्रमर शेफाली, खुद्द शेफाली, हिने तो व्हिडिओ पुढे पाठवला आणि वल्लरीला मेसेज केला. या वेळी जागा स्वच्छ रेकॉर्ड झाली, तर नव्या अल्बमच्या कव्हरवर ‘कानउघाडणी’चे आभार मानू.

वल्लरीने तो मेसेज आईला दाखवला, अक्षताला दाखवला, लिफ्टमध्ये भेटलेल्या जोशीकाकूंनाही दाखवला. आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल, असं तिला मनापासून वाटत होतं. तिच्या आवडत्या अल्बमच्या कव्हरवर तिचं पेज.

अडचण एकच होती. तिकिटावर लिहिलं होतं की अठरा वर्षांखालच्या प्रेक्षकाबरोबर पालक हवा. आई, म्हणजे रुपाली, घरीच दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायची आणि रविवारी सकाळची बॅच चुकवणं म्हणजे आठ पालकांचे फोन. राहता राहिले बाबा. बद्रीनाथ इंगोले मूळचे वाशीमकडचे, नोकरीपायी पुण्यात आलेले. खराडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचे. लेकीला हा गुण कुठून आला ते वेगळं सांगायला नको. संगीताशी त्यांचा संबंध काय, तर सोसायटीच्या गणपतीत आरती. तिथे मात्र त्यांची टाळी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू यायची, आणि वल्लरी तेवढ्या वेळ लांब, मोदकांच्या बाजूला जाऊन उभी राहायची.

“येतो की,” बाबा म्हणाले. “रविवारी तसंही काय करतो मी.”

कार्यक्रमाच्या आठवड्यात वल्लरी दुसऱ्या व्हिडिओच्या तयारीला लागली. नाव ठरलं होतं, ‘शोध टाळीवाल्याचा’. त्या दिवशीचा कोणी प्रेक्षक सापडतो का बघायचं आणि त्या काकांना उजेडात आणायचं. जेवणाच्या टेबलाशी बसून ती टाळीचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होती. आई पोळ्या लाटत होती, बाबा ताटात भाजी वाढून घेत होते.

आई लाटणं हातात धरूनच बाहेर आली. “हे तुला कुठे सापडलं गं?”

“काय?”

“ही टाळी.” आई हसत होती. “अहो, ऐकलंत का, तुमचीच ना?”

बाबांनी भाजीचा चमचा पातेल्यात ठेवला.

“आमचं लग्न होऊन चार-सहा महिने झाले असतील,” आई सांगू लागली. “यांच्या ऑफिसात कोणीतरी पास वाटत होतं. आम्हाला वाटलं भावगीतांचा कार्यक्रम आहे. मी तर पैठणी नेसून गेले होते. आजूबाजूला सगळी फाटक्या जीन्समधली मुलं. आणि मधेच ह्यांनी टाळी धरली. लोक असे बघायला लागले की मला वाटलं, आता बाहेर काढतात.”

वल्लरीच्या हातातला फोन तसाच वाजत राहिला. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा. तिला पहिल्यांदा राग आला, तोही आईचा, कारण आई हसत होती.

“बाबा, पण का?”

“अगं, अडकला होता तो.” बाबा पोळीचा तुकडा नुसताच मोडत होते. “आमच्याकडे भजनी मंडळात सोनबाकाका गायचे. वय झालेलं, चालू अभंगात ओळ विसरायचे. तर मंडळाचा नियम होता, गाणारा अडकला की ऐकणाऱ्यानं ताल सोडायचा नाही. गप्प बसलं की तो घाबरतो आणि आठवत असलेलंही विसरतो. टाळी धरून ठेवायची, मग त्याला बरोब्बर सापडतं. मले वाटलं, ह्याही पोराचं तसंच झालं.”

“तो विसरला नव्हता, बाबा. तो पॉज आहे. मुद्दाम आहे. ती रिकामी गच्ची आहे.”

“असेल,” बाबा म्हणाले. “मला त्यातलं कळत नाही.” मग ताटाकडे बघतच, “ते व्हिडिओखाली सगळे टाळीवाला काका, टाळीवाला काका म्हणतायत, ते मलाच म्हणजे.”

“तू वाचलंस ते?”

“तुझं पेज आहे म्हटल्यावर वाचणारच ना. सगळंच वाचतो मी.”

वल्लरीला जेवण गेलं नाही. खोलीत जाऊन तिने व्हिडिओ काढून टाकायला बोट उचललं. पण शेफालीचा मेसेज तिथेच वर दिसत होता. व्हिडिओ काढला तर लोक विचारणार का काढला, मोहीम बारगळणार, आणि कव्हर गेलं. नाहीतरी त्या माणसाचं नाव कुठे कोणाला माहीत आहे, असं तिने स्वतःला समजावलं. दुसरा व्हिडिओ मात्र तिने केला नाही. अक्षताने कारण विचारलं तेव्हा कॉलेजच्या सबमिशनवर ढकललं.

रात्री बाबा दारात येऊन उभे राहिले. “हे बघ, रविवारी मी येतो. पण काळजी करू नकोस. हात खिशात ठेवीन.”

ते तिला बोचावं म्हणून बोलले असते तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. ते अगदी साधेपणाने बोलले होते.

रविवारी दोघं स्कूटरवरून निघाली. वल्लरीच्या मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा होता, तीच पाटी, प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात द्यायला. अक्षता एका दारावर उभी राहणार होती. दुसऱ्या दारावर यायचं होतं तो कॉलेजातला मुलगा आयत्या वेळी उगवलाच नाही.

“आण इकडे,” बाबांनी गठ्ठा घेतला.

आणि बद्रीनाथ इंगोले सभागृहाच्या दारात उभे राहून, येणाऱ्या प्रत्येकाला वाकून, “नमस्कार, तेवढं वाचून घ्या, ‘गच्ची’ला टाळी नको बरं का,” असं सांगत कागद वाटू लागले. लोक हसून कागद घेत होते. एक मुलगा म्हणाला, “तो टाळीवाला काका आज आला तर आम्ही बघून घेतो, काका.” बाबा म्हणाले, “हो, हो.” वल्लरी ‘कानउघाडणी’ असं छापलेला टी-शर्ट घालून त्यांच्यापासून चार हात लांब उभी होती आणि तिला तो टी-शर्ट कुठेतरी काढून ठेवावासा वाटत होता.

कार्यक्रम मात्र उत्तम झाला. हे वल्लरीचं मत, म्हणजे ते हलक्यात घेऊ नये. आवाज स्वच्छ होता, रणजित फारसं बोलला नाही, ‘पाटी’तली दोन गाणी त्यांनी मूळच्याच वेगात म्हटली आणि व्हायोलिनं घरी ठेवली होती. रणजितचे केस पांढरे झाले होते, पोट थोडं सुटलं होतं, पण वरचा सूर अजून तसाच फाटका आणि सुंदर लागत होता. समोरच्या माणसाने फोन वर धरला तेव्हा वल्लरीने खांद्यावर टकटक करून तो खाली घ्यायला लावला. बाबा शेजारी ताठ बसले होते. दोन्ही हात पँटच्या खिशात. पहिलं गाणं संपलं, सभागृह टाळ्यांनी भरून गेलं, त्यांचे हात खिशातच. दुसरं संपलं, तिसरं संपलं, तसेच.

“बाबा, गाणं संपल्यावर वाजवलेलं चालतं,” ती हळूच म्हणाली.

“राहू दे. एकदा बाहेर आले की ऐकत नाहीत ते.”

एकला थोडा अवकाश असताना ‘गच्ची’ सुरू झाली. वल्लरीने मागे वळून पाहिलं. लोकांनी कागद मांडीवर ठेवले होते, कोणी ओठांवर बोट ठेवून शेजाऱ्याला खुणावत होतं. सगळं सभागृह तिने सांगितल्यासारखं वागत होतं.

“गच्चीवर आता कोणी नाही...”

आणि शांतता. खरीखुरी. वरचे पंखे ऐकू येत होते. वल्लरी मनात मात्रा मोजत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सात, आठ.

ओळ आली नाही.

तिने पुढे मोजलं. पुन्हा आठ झाल्या. लोक अजून भारावून बसले होते, काहींनी डोळे मिटले होते. रणजितने आज जागा लांबवली, काय हिंमत आहे, असं त्यांना वाटत असणार. पण वल्लरीने ते गाणं इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला फसवणं अवघड होतं. तिने शेफालीकडे पाहिलं. शेफाली दोन्ही काठ्या उचलून धरून रणजितच्या पाठीकडे बघत होती. रणजित माइककडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते आणि त्यातून काही निघत नव्हतं, तोंडी परीक्षेला बोर्डापुढे उभ्या राहिलेल्या मुलासारखा. तो अडकला होता. आणि मदत करू शकेल अशा प्रत्येक माणसाच्या मांडीवर वल्लरीने कागद ठेवला होता.

बाबांना केव्हाच कळलं होतं. त्यांचा गुडघा ताल धरून हलत होता. खिशातल्या मुठी कापडाला आतून ढोसण्या देत होत्या, आणि ते दात ओठांवर रोवून समोर बघत होते. त्यांनी शब्द दिला होता.

वल्लरीला कव्हर दिसलं, त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव दिसलं. मग तिने बाबांचा दंड धरला.

“बाबा.”

“अं?”

“अडकलाय तो.”

“मला दिसतंय.”

“मग वाजव ना.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “तुझं ते...”

“वाजव, बाबा.”

हात बाहेर आले. पहिली टाळी पडली तशा अख्ख्या सभागृहाच्या माना वळल्या. कोणीतरी “शूऽ” केलं, मागून कोणीतरी कागद फडकवला. बाबा बिचकले आणि दुसरी टाळी जरा हळू पडली. तेव्हा वल्लरी उठून उभी राहिली, छातीवर ‘कानउघाडणी’ लिहिलेला टी-शर्ट सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिनेही टाळी धरली. बाबांच्या टाळीला टाळी लावून. लोक गोंधळले. नियम करणारीच नियम मोडतेय म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना. पलीकडच्या टोकाला अक्षताने कपाळाला हात लावला, आणि मग तो हात खाली आणून तीही वाजवू लागली. शेफालीने पायाने ड्रमवर ठोका दिला. बघता बघता सगळं सभागृह ठेक्यात आलं.

रणजितने मान वर केली. टाळी कुठून सुरू झाली ते तो शोधत होता, आणि शोधता शोधता ओळ सापडली.

“फक्त दोरीवर तुझा शर्ट आहे...”

गाणं संपलं तेव्हा लोक उभे होते. रणजितने माइक स्टँडवरून काढला आणि घाम पुसला. दोन गाण्यांच्या मध्ये बोलू नये हे वल्लरीचं मत त्याला माहीत नसावं.

“एक सांगून टाकतो,” तो म्हणाला. “अल्बमवरची ती जागा, तिच्यावर लोकांनी फार सुंदर सुंदर लिहिलंय. रिकामी गच्ची वगैरे. मला इतकं आवडलं की मी कधी बोललोच नाही. तेव्हाही मी ओळ विसरलो होतो. पळून जाणार होतो. कोणीतरी टाळी धरली म्हणून गाणं झालं. आजही...” तो थांबला. “ही तीच टाळी आहे. मी विसरेन का ती? कोण आहे?”

सभागृह कुजबुजू लागलं. बाबांनी झटकन दोन्ही हात खिशात घातले आणि खुर्चीत जमेल तेवढे खाली सरकले. दारात कागद घेतलेल्यांपैकी कुणी त्यांना ओळखलं असेल नसेल, पण मागची मुलं माना उंचावत होती.

वल्लरी अजून उभीच होती. “माझे बाबा,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला आणि पुढच्या दोन रांगांपलीकडे गेला नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, चौथ्या मजल्यापर्यंत जाईल असं. “टाळीवाला काका म्हणजे माझे बाबा आहेत. तेव्हाचे पण तेच.”

मग ज्या टाळ्या पडल्या त्यांना ताल वगैरे काही नव्हता. बाबा नको नको म्हणत होते, तरी रणजितने त्यांना उभं राहायला लावलंच. अक्षता गर्दीतून वाट काढत आली आणि म्हणाली, “व्हिडिओ आता तूच काढून टाकतेस की मी काढू?” वल्लरीने तिथेच काढला. कव्हरचं काय झालं ते तिने शेफालीला विचारलं नाही, आणि त्या दिवशी तिच्या ते डोक्यातही आलं नाही.

एक वाजायला आला होता. बँडला जेवायची घाई होती, तरी त्यांनी आणखी एक गाणं म्हटलं. बाबांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत टाळी धरून ऐकलं आणि वल्लरी त्यांना खेटून बसली. मधेच आठ-दहा जण पार्किंगच्या दिशेने उठले, त्यांच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बाबांचे हात पुन्हा खिशात गेले ते सगळे उठल्यावर, स्कूटरची किल्ली शोधायला.